नीमन यांच्याबद्दल दोन ओळी हव्या होत्या

जबड्याचं हाड पुन्हा कसं वाढवतात यावरचा तुमचा लेख मनापासून आवडला. पण याचं सगळं श्रेय त्यात नव्या बायोमटेरियल्सना (शरीरात बसवायच्या खास पदार्थांना) दिलंय आणि स्वीडनच्या गोटेनबर्गमधल्या स्टुरे नीमन यांचं नावच नाही, हे खटकलं. ते हिरड्यांचे तज्ज्ञ. १९८२ साली त्यांनी हिरडी आणि दाताचं मूळ यांच्यामध्ये चक्क प्रयोगशाळेतल्या गाळणीचा पापुद्रा ठेवला. जखम झाली की हिरडीच्या पेशी आधी धावत येऊन जागा बळकावतात आणि दाताला हाडाशी बांधणाऱ्या पेशी मागे राहतात. मध्ये पापुद्र्याची आडकाठी घातली की या मागे राहणाऱ्या पेशींना वेळ मिळतो! १९८८ मध्ये क्रिस्टर डालिन, नीमन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जबड्यात हेच टेफ्लॉनचा पडदा लावून केलं. पडद्याआड हाड भरलं. पडदा नव्हता तिथे फारसं नाही.

गेल्या वर्षी माझ्या आईच्या खालच्या जबड्यात ग्राफ्ट (हाड वाढावं म्हणून घातलेली भर) भरून वर कोलॅजन या प्रथिनाचा पडदा घातला. तो आपोआप विरतो, काढायला पुन्हा चिरा द्यावा लागत नाही. पाच महिन्यांनी एक्स-रेत हाड दिसलं तेव्हा मला त्या गाळणीच्या पापुद्र्याचीच आठवण झाली. लेखकांनी नीमन यांच्यावर वेगळा लेख जरूर लिहावा, मी वाट पाहीन.