लेखक म्हणतो की निवेदक?

मराठी घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्या, सेट-नेटच्या तयारीला लागलेल्या आपल्या मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी कळकळीने लिहितोय. कथेचं विश्लेषण करा म्हटलं की तीन पानं तीच कथा पुन्हा सांगायची आणि शेवटी ‘लेखकाने ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण केले आहे’ असं ठोकून द्यायचं, ही सवय मोडा. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, भाषाशैली हे मथळे घालून गाइडातली वाक्यं खाली भरल्याने कथा उलगडत नाही. यातली प्रत्येक संज्ञा हा कथेला विचारायचा प्रश्न आहे.

एक साधी कथा धरू. दामू सोयाबीन घेऊन लातूरच्या मोंढ्यात येतो. ओलावा जास्त म्हणून आडतीवर, म्हणजे दलालाच्या दुकानात, भाव पाडून मिळतो. आधीची उचल कापून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात पडते, त्यात पोरीच्या होस्टेलचे पैसे बसत नाहीत. रात्री रिकामी पोती घेऊन तो घरी येतो. बायको काही विचारत नाही.

हा झाला घटनांचा क्रम. पण कथा ओसरीवर टाकलेल्या रिकाम्या पोत्यांपासून सुरू करून मागे मोंढ्यात जाता येते. घटना त्याच राहतात, मांडणी बदलते. ही कार्यकारणाने बांधलेली मांडणी म्हणजे कथानक. वहीत दोन रकाने आखा. एकात घटना घडल्या त्या क्रमाने, दुसऱ्यात सांगितल्या त्या क्रमाने. रकाने जिथे जुळत नाहीत तिथे थांबा. इथे पोती आधीच रिकामी दिसल्यामुळे ‘माल विकला जाईल का’ ही उत्सुकता संपते आणि ‘हा माणूस गप्प का’ एवढंच उरतं. ते का केलं असेल, यावर लिहा.

सगळ्यात जास्त घोळ निवेदकाचा होतो. निवेदक म्हणजे कथा सांगणारा आवाज. लेखक कथेबाहेर असतो, निवेदक कथेचाच एक भाग असतो. ‘मी’ म्हणून सांगणारं पात्र म्हणजे लेखक समजलात की पुढचं सगळं उत्तर घसरतं. रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ (१९७१) ही कादंबरी घ्या. गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत सांगते त्याची बायको पारबती, तीही आपल्या बोलीत. लेखक पुरुष, प्राध्यापक. सांगणारी शिंप्याची बायको. ‘बोलीमुळे कादंबरी जिवंत झाली’ हे वाक्य इथे काहीच सांगत नाही. बोली फक्त संवादात आहे की निवेदनातही, हे आधी बघा. निवेदनातही असेल तर तिच्या नजरेपलीकडचं तिला कळतं कसं, हे पानापानावर तपासा. कुणाकडून ऐकलं, स्वतः पाहिलं की अंदाज बांधला? नवऱ्याच्या मनातलं ती ठामपणे सांगते का?

तृतीयपुरुषी निवेदनात, म्हणजे ‘मी’ऐवजी ‘तो’, ‘ती’ म्हणत सांगितलेल्या कथेत, तर जास्तच जपावं लागतं. जेरार जेनेट या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ साली दोन प्रश्न वेगळे केले: बोलतो कोण आणि पाहतो कोण? ‘दामूने पट्टी उलटून पाहिली. येवढ्यासाठी मरमर केली व्हय?’ यात पहिलं वाक्य निवेदकाचं. दुसऱ्याला अवतरणचिन्ह नाही, ‘त्याला वाटलं’ नाही, तरी जीव दामूचा आहे. ‘व्हय’ या एका शब्दाने निवेदक दामूच्या मनात शिरला. अशी वाक्यं पेन्सिलीने अधोरेखित करा. कोणत्या पात्राला ही जवळीक मिळते आणि कोणाला मिळत नाही, यावरून कथेचा कल कळतो. आडत्याच्या मनात एकदाही शिरलो नसू, तर तेही नोंदवा.

पात्राबद्दल थोडक्यात: ‘दामू कष्टाळू आहे’ असं लिहिलंत तर तो कष्टाळू आहे हे कोणत्या कृतीवरून कळलं ते पुढच्याच वाक्यात द्या.

वातावरण म्हणजे ‘कथा खेड्यात घडते’ एवढंच नव्हे. सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस एकाच वेळी येतात. माल भिजतो, ओलावा १२ टक्क्यांच्या वर जातो, भाव पडतो. म्हणजे इथे ऋतू पार्श्वभूमीला नाही, कथानक तोच ढकलतोय.

आशयसूत्र सांगताना ‘शेतकऱ्याचे दुःख’ लिहू नका. तो विषय झाला. आशयसूत्र पूर्ण वाक्यात मांडता आलं पाहिजे: ‘पट्टीवरचा आकडा नवरा-बायकोतलं बोलणंही हिरावून घेतो.’ वाक्य झालं की कथेतली तीन ठिकाणं दाखवा. तीन सापडत नसतील तर वाक्य बदला, कथा ओढूनताणून त्यात बसवू नका.

राहिलं प्रतीक. बैल दिसला, बाभूळ दिसली की प्रतीक म्हणायची घाई नको. वस्तू पुन्हा पुन्हा येते का, दर वेळी तिच्यावर अर्थ साचतो का, ती काढली तर कथेत भोक पडतं का, एवढं बघा. ती पोती सुरुवातीला ओसरीवर पडली, आणि शेवटी बायकोने न बोलता त्यांची घडी घातली, तर प्रतीक म्हणायला आधार आहे. एकदाच येऊन गेली असतील तर तो शब्द उत्तरात आणू नका.