२५२० : भागाकार खरा, बाकी सगळं फॉरवर्ड

मेसेज बहुतेकांनी पाहिलाय. मजकूर साधारण असा: रामानुजन यांनी शोधलेली विचित्र संख्या २५२०. हिला १ ते १० पैकी कोणत्याही अंकानं भागा, बाकी शून्य. जगात अशी दुसरी संख्या नाही, गणितज्ञ चकित! रहस्य हिंदू कालगणनेत: ७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२०.

भागाकार आणि गुणाकार बरोबर आहेत. तेवढंच.

'दुसरी संख्या नाही'? ५०४० घ्या, ७५६० घ्या. २५२० च्या प्रत्येक पटीला हे भाग जातात, आणि पटी काही संपत नाहीत. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि: २×२×२×३×३×५×७. लसावि काढायची रीत ग्रीक गणितज्ञ युक्लिडच्या 'एलिमेंट्स' ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात आहे, सुमारे २३०० वर्षांपूर्वीची. त्यामुळे चकित झालेले ते गणितज्ञ कोण, कळत नाही. (१ ते २० साठी २३,२७,९२,५६० लागते. हिच्या वाट्याला मात्र मेसेज आलेला दिसत नाही.)

आता पंचांग. ३० × १२ = ३६०. या ३६० ला १ ते १० पैकी फक्त सातानं भाग जात नाही. तो सात आठवड्याकडून उसना आणला, की झाला चमत्कार. पण वार गुणिले दिवस यातून मोजलं काय? वर्षातले आठवडे हवेत तर सातानं भागायचं असतं, गुणायचं नाही. शिवाय ३० हा गोळाबेरीज आकडा. चांद्रमास साधारण २९.५३ दिवसांचा, बारा महिने मिळून ३५४ दिवस, म्हणजे ३६५ दिवसांच्या सौरवर्षाहून ११ कमी. ती तूट भरायलाच तर धोंड्याचा महिना येतो. ३५४ × ७ = २४७८, चारानं भाग जात नाही. ३६५ × ७ = २५५५, दोनानंही नाही. तिथी म्हणाल तर त्या महिन्याला नेमक्या तीस असतात, मान्य. पण मेसेजवाल्यानं 'दिवस' लिहिलंय.

राहिले रामानुजन. २५२० त्यांचा शोध नाही, पण संबंध खरा आहे, आणि मेसेजपेक्षा कितीतरी रंजक. १९१५ च्या निबंधात त्यांनी अशा संख्यांचा अभ्यास केला, ज्यांच्या विभाजकांची संख्या त्यांच्याहून लहान असलेल्या कोणत्याही संख्येच्या विभाजकांपेक्षा जास्त असते. १६८० चे ४०, २५२० चे ४८. त्यांची यादी जाते थेट ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत. हिचे विभाजक १०,०८०. हे सगळं कॅल्क्युलेटरशिवाय! एवढ्या लांबलचक यादीत एकच संख्या निसटली: २,९३,३१,८६,२५,६००. आणि तिला २३ नं गुणलं, की येते ती यादीतली शेवटची संख्या.