दिन्याचा तक्ता

दिन्याने दवाखान्यातून आणलेला आहाराचा तक्ता कट्ट्यावर उलगडला आणि मक्याने तो हिसकावून घेतला. शुगर निघाल्यापासून दिन्याला सल्ले देणाऱ्यांची रांग लागली आहे. त्या रांगेत मक्या सगळ्यात पुढे.

"सकाळी आठला नाश्ता, अकराला फळ, एकला जेवण. सोपं तर आहे! मन पक्कं पाहिजे, बस." बोलता बोलता त्याने मनगटावरच्या घड्याळात तीनदा पावलं मोजली. बसल्या जागी ती कुठून वाढणार?

"आठला मी झोपतो, मक्या. रात्रभर ट्रक चालवून आलेला असतो. रात्री अडीचला काय खायचं, ते दाखव यात."

मक्याने तक्ता उलटला. मागची बाजू कोरी होती.

"रात्री खाऊच नये."

"मग तू ये शेजारी बसायला. डुलकी लागली की चिमटा काढ."

हसलो आम्ही, पण दिन्या गंभीर होता. म्हणाला, "गिअरजवळ बिस्किटांचा पुडा असतो, दातांनी फाडलेला. मला बिस्किट आवडतं म्हणून मी ते खात नाही रे. एका हाताने खाता येतं म्हणून खातो. फळ धुवायचं कुठे, चिरायचं कधी? दुसरा हात स्टेअरिंगवर असतो."

मक्याकडे यावर उत्तर नव्हतं, तरी बोलायचा तो थांबला नाही. "गरिबीचं कारण सांगू नकोस. पूर्वीचे गरीब लोक काय खायचे बघ, बिनपॉलिशचं, कोंड्यासकट. धडधाकट होते!"

इथे मास्तर जागे झाले. "आणि त्यांच्या पोरांना काय हवं होतं, ते माहितेय? पांढरं!" मग जपान आलंच. तिथे पूर्वी पांढरा भात म्हणजे प्रतिष्ठा आणि सातू, म्हणजे जव, हे गरिबाचं, तुरुंगातलं अन्न. गरिबाघरचा पोरगा सैन्यात गेला की पोटभर पांढरा भात मिळणार, याचंच त्याला अप्रूप. कोंडा काढलेल्या त्याच भाताने ब-१ जीवनसत्त्व कमी पडून बेरीबेरी नावाचा जीवघेणा आजार व्हायचा. ऱ्यूजो नावाच्या नौदलाच्या जहाजावर १८८२-८३ च्या सफरीत ३७६ पैकी १६९ जण आजारी पडले, २५ दगावले. ताकाकी नावाच्या नौदलाच्या डॉक्टरने पुढच्या वर्षी त्याच मार्गावर दुसरं जहाज पाठवलं, जेवण बदलून. बेरीबेरीने एकही मेला नाही. त्याचं कारण चुकलं होतं, तो प्रथिनांची कमतरता समजत होता. पण उपाय लागू पडला. नंतर नौदलात भातात सातू मिसळायला लागले. लष्कर मात्र पांढऱ्या भाताला चिकटून राहिलं. १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात बेरीबेरीने सुमारे २७,००० सैनिक गेले.

"म्हणजे मी म्हणतो तेच!" मक्या उसळला. "कोंडा खा!"

"कोंडा गरिबाच्या ताटात होता तेव्हा तू त्याला नावं ठेवलीस," दिन्या शांतपणे म्हणाला. "आता महाग पाकिटात आला, तर मलाच शिकवतोस?"

मला शाळेची मधली सुट्टी आठवली. दिन्या भिंतीकडे तोंड करून बसायचा, डब्याचं झाकण अर्धंच सरकवायचा आणि त्याच्या आडून खायचा. घरचं काळपट अन्न कुणाला दिसू नये म्हणून. मक्याच्या डब्यात पांढराशुभ्र ब्रेड असायचा, तो सगळ्यांना दिसेल असा. अन्न पोटात जाण्याआधी चारचौघांच्या नजरेखालून जातं, हे त्या वयातही दिन्याला ठाऊक होतं. त्याला आज कुणी 'मन पक्कं कर' म्हटलं की मला चीड येते.

"आणि माझा डबा चोरून कोण खायचं?" दिन्याने अचानक विचारलं.

मक्या लाल झाला. "...चव होती रे त्याला."

"सातवीत अख्खं वर्ष मी उपाशी!"

मास्तरांनी पेन काढलं आणि तक्त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: रात्री अडीच. पुढे काय लिहायचं, यावर पाच तोंडांतून सात सूचना आल्या. फुटाणे, शेंगदाणे, काकडी.

"उकडलेलं अंडं!" मक्या ओरडला. "एका हाताने खाता येतं."

"सोलणार कोण?"

"मी देतो ना सोलून, रोज डब्यात घालून."

"म्हणजे दोन द्यायचं ठरलं तर चार उकडा," मास्तर म्हणाले. "दोन वाटेतच जातील."

मक्यासकट सगळे हसत सुटलो. तक्ता दिन्याने घडी करून खिशात ठेवला, कोरी बाजू वर ठेवून.