‘एकोपा म्हणजे भावकीच की!’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गावाने एकोप्याच्या बळावर, अभ्यासगट नि वाचनालयांतून सतत शिकत राहावं, असं मी एका लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लांबलचक आणि चांगलीच झणझणीत प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत आभार मानून ती वाटेला लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की, ‘सामाजिक भांडवल’ (म्हणजे माणसांमधला भरवसा, ओळखीपाळखी आणि एकमेकांसाठी उभं राहायची सवय) हे भावकीला आणि जातीला शहरी लोकांनी दिलेलं गोंडस नाव आहे. गावात विश्वास असतो, पण तो आपापल्या माणसांपुरता. दुसरं, अभ्यासगट नि वाचनालयं हे पोट भरलेल्यांचे उद्योग आहेत, गावाला हवा निधी. तिसरं, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाचं एकच उदाहरण किती वर्षं उगाळणार? आणि जाता जाता टोला: ‘आमच्या वाचनालयात पत्ते चालतात, तिथे या शिकवायला.’

पहिल्या मुद्द्यात मीच भर घालतो. रायगड जिल्ह्यात गावकीने कुटुंबं वाळीत टाकल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचल्या. आता बघा, एखाद्याला वाळीत टाकायचं तर काय काय लागतं? दुकानदाराने माल द्यायचा नाही, कुणी लग्नाला जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, आणि हे सगळं एकानेही फुटून न जाता महिनोन् महिने पाळायचं. शिस्त, भरवसा, घरोघर निरोप पोचवायची सोय, सगळं तिथे आहे. सामाजिक भांडवल म्हणतात ते हेच, फक्त दुसऱ्याच्या मुळावर लावलेलं. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास कायदा करावा लागला आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला, तो गावं विस्कळीत होती म्हणून नव्हे. काही गावं नको तितकी घट्ट होती म्हणून.

तेव्हा एकोप्याची आरती मी ओवाळत नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. घट्ट बांधलेल्या माणसांमध्ये नवी माहिती आणि नवा प्रश्न आत यायला वाट आहे की नाही?

तुम्ही जुन्या पिढीतल्या कुणाकडून तरी ग्रामशिक्षण मोहिमेबद्दल ऐकलं असेल. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झाली, मग राज्यभर पसरली. गावाने एकत्र येऊन निरक्षरता घालवायची शपथ घ्यायची, शिकलेल्यांनी बिनपगारी शिकवायचं, आणि सगळे साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ. खर्च जवळजवळ नाही. सगळी मदार गावाच्या इभ्रतीवर. शेजारचं गाव साक्षर झालं आणि आपलं राहिलं, हे कुणाला खपतंय? पण समारंभ झाला, मांडव उतरला, आणि पुढे वाचायला हातात काही नाही. प्रौढांनी चार महिन्यांत शिकलेली अक्षरं बऱ्याच ठिकाणी पुसून गेली. एकोपा भरपूर, शिकणं एकदाच.

केरळात क्रम उलटा होता. ग्रंथालय चळवळीतले पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने १९४५ साली त्रावणकोरातल्या ४७ ग्रंथालयांनी एकत्र येऊन संघ केला, आणि गावोगाव वाचनालयं उभी राहत गेली. पेपर मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा, मग वाद घालायचा, ही सवय तिथे आधीच मुरलेली होती. १८ एप्रिल १९९१ रोजी राज्य संपूर्ण साक्षर जाहीर झालं तेव्हा नवसाक्षरांना जायला जागा होती.

आता मेंढा-लेखा. उगाळतो, कारण त्या गावातली नेमकी गोष्ट बहुतेक भाषणांतून निसटते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना पाठ. पण गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या या शंभरेक घरांच्या गोंड गावाने दोन जागा वेगळ्या ठेवल्या, तिकडे फारसं कुणी बघत नाही. अभ्यासगटात कुणीही बसावं, बाहेरच्या जाणकाराला बोलवावं, हवं तितकं भांडावं, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलायचा. बाहेरचा माणूस कितीही विद्वान असो, त्याने माहिती द्यावी, निर्णयात पडू नये. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाबरोबर बाहेरून आलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल वर्षानुवर्षं होते ते याच नात्याने.

याचा रोकडा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. बांबूचं बघा. वनस्पतिशास्त्रात बांबू म्हणजे गवत. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात मात्र २०१७ पर्यंत ‘झाड’ या व्याख्येत बांबू घातलेला होता, म्हणजे तो वनखात्याचा. वर्षानुवर्षं जंगलातला बांबू कागद कारखान्यांना भाडेपट्ट्याने जात होता आणि गावच्या माणसाने चार काठ्या तोडल्या तर तो गुन्हेगार. मग २००६ चा वनहक्क कायदा आला. त्यात गौण वनोपजाच्या (म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाच्या) व्याख्येत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना वनखातं देईना. हक्क कागदावर, बांबू जंगलात. गावकरी व्याख्येवर बोट ठेवून बसले, मागे हटले नाहीत. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. पुढे २०१२ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा, हे देशभरासाठी ठरलं.

कायदा साऱ्या देशाला एकाच दिवशी मिळाला होता. तो वाचून त्यावर भांडायची तयारी ज्या गावात कित्येक वर्षांपासून चालू होती, तिथे तो आधी उगवला. पोट भरलेल्यांचा उद्योग म्हणालात ना? इथे पोट भरण्याचं साधनच त्या वाचनातून हाती आलं.

‘एकच गाव’ हेही आता खरं नाही. गडचिरोलीत शेकडो ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. अनेक ग्रामसभा तेंदूपानांचे लिलाव स्वतः करतात. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. सगळं गोड आहे असं नाही. ठेकेदारांनी पैसे थकवल्याच्या तक्रारी झाल्या, हिशेब कच्चे राहिले. पण करारात काय लिहून घ्यायचं हे एक गाव ठेच लागून शिकतं आणि शेजारच्या गावाला सांगतं. हे नातं गावच्या वेशीबाहेर जाणारं आहे, भावकीत मावणारं नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतलं खरं वजनदार वाक्य तुम्ही कंसात टाकलंत: ‘(मेंढा सगळा एकाच समाजाचा आहे.)’ हो, आहे. जिथे बारा जाती आणि जमिनीचं वाटप विषम, तिथे सर्वसहमती म्हणजे पुष्कळदा मोठ्या बागायतदाराच्या मताला इतरांनी माना डोलावणं. अशा गावात नुसतं एकत्र बसून भागत नाही, वाटणीचा नियमच बदलावा लागतो. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावपासून पाणी पंचायतीचं काम उभं केलं, त्यात पाणी जमिनीच्या मापाने दिलं नाही, माणशी दिलं. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. हे ठरवायला किती माणसांना किती बैठकांत किती वेळा तोच हिशेब मांडून दाखवावा लागला असेल, याची कल्पना करा. आणि ते सगळीकडे टिकलं नाही, पसरलंही नाही, हेही सांगायला हवं. ऊस जिंकला. विषमता अभ्यासगटाने मिटते असं मी म्हणणार नाही. मात्र पाण्याचा हिशेब फक्त बागायतदाराला कळतो तिथे भूमिहीनाला वाटा मागताही येत नाही.

राहिला निधी. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात थेट येतो, ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा दरवर्षी करायचा असतो, आणि तो ग्रामसभेत मंजूर व्हायचा असतो. वर्षाला किमान चार ग्रामसभा. कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, किती? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांत कमी असेल तो आकडा. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. मग पाच-सात माणसं बसतात आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असं छापील वाक्य पडतं. तुमच्याकडे रस्ता झाला नाही तो निधी आला नाही म्हणून, की आलेला निधी कशावर गेला हे कुणी वाचलंच नाही म्हणून?

पत्त्यांचं म्हणाल तर मला त्या मंडळींचं कौतुक आहे. रोज, न चुकता, कुणी बोलावलं नसताना एका जागी जमतात. अशी बैठक बसवायला संस्थांची उमेद निघून जाते. शिकवायला मी येणार नाही, तिथे बाहेरच्याची गरजही नाही. गेल्या वर्षीच्या चार ग्रामसभांची इतिवृत्तं आणि आराखड्याची प्रत ग्रामपंचायतीत मागा. दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ती त्या टेबलावर ठेवा, आणि डाव पिसत असताना एकाला मोठ्याने वाचायला सांगा. किती सभा तहकूब झाल्या होत्या तेवढं मला नक्की कळवा. आकडा इथेच, या उत्तराखाली लिहिलात तर बाकीच्यांनाही आपापल्या गावचा बघावासा वाटेल.