आजारपणाचे पैसे होते, हातांचे नव्हते

आईला जाऊन आता दोन वर्षं होतील. तिच्या खर्चाची वही कपाटात पडून होती, उघडायचा धीर होत नव्हता. काल उघडली, आणि वाटलं की पन्नाशीच्या आसपासच्या सगळ्यांना हे सांगायलाच हवं.

आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया छान झाली, बिल जवळजवळ सगळं विम्यातून गेलं. घरी आणलं त्या दिवशी आम्ही भावंडं म्हणालो, सुटलो एकदाचे. खरा खर्च त्या दिवसापासून सुरू झाला. त्यानंतर आई पाच वर्षं होती, त्यातली शेवटची तीन अंथरुणावर.

बाबांनी निवृत्तीची तजवीज चोख केली होती. पेन्शन, ठेवी, आरोग्यविमा, सगळं होतं. पण आंघोळ घालणं, रात्री तीन वाजता उठवून कमोडवर बसवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं म्हणजे उपचार नव्हे. नेहमीचा आरोग्यविमा अशा कामासाठी सहसा छदामही देत नाही. डॉक्टर, औषधं, ऑपरेशन यांचे पैसे आम्ही साठवले होते. माणसाच्या दोन हातांचे साठवले नव्हते.

आठवड्याचे तास १६८. एक मदतनीस आठवड्याला ४० तास काम करते असं धरलं, तर अंथरुणाला खिळलेल्या एका माणसाजवळ सतत कुणीतरी असण्यासाठी चारांपेक्षा जास्त माणसं लागतात. सुट्ट्या, आजारपणं वेगळीच. तुमच्या भागात एका मदतनिसाचा पगार काय आहे ते विचारा, चाराने गुणा, मग बाराने. हा झाला आजचा वर्षाचा खर्च. त्यात दरवर्षी सहा टक्के वाढ धरली तर बारा वर्षांनी तो दुप्पट होतो आणि चोवीस वर्षांनी चौपट. मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा केलं.

अर्थात सगळ्यांना चोवीस तास माणूस लागत नाही. सिडनी कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली परावलंबन मोजायची एक सोपी पट्टी मांडली, ती आजही जगभर वापरतात. आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं, अशा सहा गोष्टी. साधारणपणे आंघोळ सगळ्यात आधी सुटते आणि जेवण सगळ्यात शेवटी. आमच्याकडे अगदी त्याच क्रमाने झालं. म्हणजे मदतीचे तास पायरीपायरीने वाढतात, आणि पहिली पायरी दिसली की पुढच्यांचा विचार करायला थोडा वेळ हातात असतो. आम्ही तो वेळ 'बघू पुढचं पुढे' म्हणण्यात घालवला.

मग चार माणसं ठेवली का? नाही. एक बाई ठेवली आणि वहिनीने नोकरी सोडली. सगळ्या नात्यागोत्यात तिचं कौतुक झालं, मीही केलं. तिचा गेलेला पगार, हुकलेली बढती, तिच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी साठली असती ती पुंजी, यातला एकही आकडा वहीत नाही. आईच्या देखभालीचा सगळ्यात मोठा खर्च वहिनीने केला आणि आम्ही तो मोजलासुद्धा नाही. 'मुलं बघतील' असं म्हणतात तेव्हा त्या मुलांमध्ये नेमकं कोण असतं, हे एकदा नाव घेऊन बोलावं. बहुतेक वेळा ती एखादी बाईच असते.

जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली दीर्घकालीन देखभालीसाठी वेगळा सामाजिक विमाच सुरू केला, कारण घरच्यांच्या जिवावर हे निभत नाही हे त्यांना दिसलं होतं. अशी सोय नसेल तिथे निवृत्तीच्या पैशांतच देखभालीचा वेगळा कप्पा हवा. खासगी पॉलिसी घेणार असाल तर तीन गोष्टी विचाराच: सहापैकी किती गोष्टी जमेनाशा झाल्यावर पैसे मिळतात, कितव्या दिवसापासून, आणि महागाईबरोबर ती रक्कम वाढते का.

कागदपत्रांचंही तेच. आईची आठवण धूसर झाल्यावर तिच्या खात्यातले पैसे तिच्याचसाठी काढणं अवघड होऊन बसलं. साधं मुखत्यारपत्र अनेक देशांत अशा वेळी निकामी ठरतं, म्हणून आपल्याकडचा कायदा काय सांगतो ते शुद्धीत असतानाच वकिलाला विचारून ठेवावं.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. आईला आपले केस आपल्या हाताने विंचरायचे असत. तिला वीस मिनिटं लागायची. बाई पाच मिनिटांत विंचरून वेणी घालून मोकळी व्हायची, तिच्यामागेही कामं होतीच. सहा महिन्यांत आईचा हात डोक्यापर्यंत जाईनासा झाला. बाकीची पंधरा मिनिटं तिला मिळायला हवी होती. पैसे होते, पण त्यांतून वेळ विकत घ्यायचा असतो हे आम्हाला सुचलंच नाही. आईला काय हवंय हे आम्ही तिला विचारलंही नाही, विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

म्हणून गेल्या रविवारी मी आणि नवरा वेगवेगळ्या कागदांवर लिहायला बसलो: आपलं आपल्याला जमेनासं झालं तर काय चालेल, काय चालणार नाही. त्याचं पहिलंच वाक्य होतं, "मला मुलांनी आंघोळ घालू नये, त्यासाठी माणूस ठेवा." एकतीस वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. मी तर मुलगा करेल असंच धरून चालले होते. आता नव्या वहीत त्या माणसाच्या पगाराचं एक पान आहे.