आयोडीनचा दहा मिनिटांचा डिप आणि न मरणारी कीड

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: नवं कोरल (प्रवाळ) आणलं की दहा मिनिटं आयोडीनच्या पाण्यात बुडवा (यालाच डिप म्हणतात), कीड मरते, मग थेट मुख्य टँकमध्ये ठेवा. क्वारंटाईन, म्हणजे काही आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवणं, ही पैशांची उधळपट्टी. काही उरलंच तर मासे खातील. फ्रॅग (कोरलचा कापलेला तुकडा) टँकमध्येच वाढवलेला असेल, तर एवढाही खटाटोप नको. यातलं 'डिप करा' एवढंच घेण्यासारखं आहे.

'डिपने कीड मरते.' काही मरते, बरीचशी फक्त पकड सोडते. अ‍ॅक्रोपोरा हे फांद्यांचं दगडी कोरल खाणारा चपटा किडा फांदीच्या खालच्या, सावलीतल्या बाजूला चिकटलेला असतो. रंग कोरलसारखाच, त्यामुळे किडा दिसत नाही. दिसतात त्याच्या चाव्याचे फिकट गोल ठिपके. डिपमध्ये तो बेचैन होतो, पण ढकलल्याशिवाय सुटेलच असं नाही. म्हणून फ्रॅग नुसता बुडवून ठेवू नका, मोठ्या पिपेटने प्रत्येक फांदीवर सगळ्या बाजूंनी जोरात पाणी मारा. भांडं पांढरं घ्या, तळाशी काय पडलं ते लगेच कळतं. डिपसाठी टँकचंच पाणी, टँकच्याच तापमानाचं. आरओचं गोडं पाणी नको. आयोडीनच्या बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी असते, तेव्हा दुसऱ्याने सांगितलेले थेंब मोजू नका, लेबल वाचा. डिपनंतर स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या दोन भांड्यांतून खळबळून काढा. डिपचं पाणी सरळ मोरीत.

खरी अडचण अंड्यांची आहे. या किड्याची अंडी फ्रॅगच्या बुडाशी, मांस गेलेल्या उघड्या सांगाड्यावर, तपकिरी पुंजक्यांत चिकटलेली असतात. कवच इतकं चिवट की प्रचलित डिपपैकी एकावरही भरवसा ठेवता येत नाही. माँटिपोरा हे दुसरं दगडी कोरल खाणाऱ्या पांढऱ्या न्युडिब्रांकचंही (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) तसंच. म्हणजे डिप 'यशस्वी' होतो, टँक आठ-दहा दिवस छान दिसतो आणि मग अंडी फुटतात.

त्यामुळे अंडी हातानेच काढावी लागतात. फ्रॅग प्लगवरून (तो ज्यावर चिकटवलेला असतो त्या छोट्या चकतीवरून) तोडा, मेलेला भाग कटरने कापून टाका, उरलेलं बूड टूथब्रशने घासा आणि नव्या प्लगवर जेलवाल्या सुपरग्लूने चिकटवा. जुना प्लग परत वापरू नका. एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल), व्हर्मेटिड गोगलगायी, बबल अल्गी (फुग्यांसारखं शेवाळ) बहुतेकदा प्लगच्या खाचांतूनच येतात. झोअँथिड (बटणांसारखी मऊ कोरल) हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. ते डोळ्यांत उडालं तर प्रकरण गंभीर होतं.

'एकच डिप सगळ्यांवर चालतो.' रेड बग हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा कवचधारी जीव. आयोडीन त्याच्यावर भरवशाचं नाही. त्याच्यासाठी कुत्र्यांच्या जंतांवरचं मिल्बेमायसिन ऑक्झिम वापरतात, आणि ते मुख्य टँकमध्ये टाकलं तर कोळंबी-खेकडेही मरतात. परदेशी हौशी लोक बागेचं इमिडाक्लोप्रिडयुक्त कीटकनाशक डिपला वापरतात, ते वाचून कृषी केंद्रातली बाटली आणू नका. कपाशीवर मारतात ते इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्क्यांचं असतं, त्या बागेच्या औषधापेक्षा कितीतरी तीव्र. तिथलं प्रमाण इथे लावणं म्हणजे आंधळा डाव.

'मासे खातील.' सिक्सलाइन रास किंवा पिवळा कोरिस हे मासे उघड्यावर आलेले किडे टिपतात. अंडी आणि फांद्यांच्या बेचक्यांतले किडे राहतात. संख्या आटोक्यात राहते, एवढंच.

'टँकमध्ये वाढवलेलं कोरल निर्धोक.' उलट, हा चपटा किडा आधी मत्स्यालयांतच कुप्रसिद्ध झाला. त्याचं शास्त्रीय वर्णन २०११ मध्ये झालं तेही मत्स्यालयातल्या नमुन्यांवरून. समुद्रात, ग्रेट बॅरियर रीफवर, तो नंतर सापडला. हातोहात फिरणारे फ्रॅग हाच त्याचा राजमार्ग. (समुद्रातून आणण्याचा प्रश्न भारतात येतच नाही. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला डायव्हिंग करताना उचललेला तुकडाही गुन्हा ठरतो.)

'क्वारंटाईन महाग पडतं.' चाळीस लिटरचा टँक, हीटर, छोटा पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), मुख्य टँकच्या संपमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) महिनाभर मुरवलेला स्पंज फिल्टर, बेताचा लाइट आणि फ्रॅग ठेवायला प्लास्टिकची जाळी. तळ उघडा, वाळू-खडक नाही. दर पाच ते सात दिवसांनी डिप आणि भिंगातून तपासणी, किमान सहा आठवडे. अंडी फुटायला दीड-दोन आठवडे लागतात, पाणी गार असेल तर जास्त. पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी काही आठवडे. ते वयात येण्याआधी पुढचा डिप पडला पाहिजे. शेवटच्या दोन-तीन तपासण्यांत काहीही दिसलं नाही तरच बाहेर काढा. एक जरी किडा सापडला, तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचीही धास्ती असेल, तर मासे नसलेल्या या टँकमध्ये ७६ दिवस ठेवायची पद्धत आहे. त्या परजीवीची पुटी (कवचात बंद अवस्था) प्लगवर चिकटून येते आणि डिपला दाद देत नाही.

छोट्या टँकमध्ये कोरल मरतात ते बहुधा किडीने नव्हे, क्षारतेच्या चढउताराने. रोज बाष्पीभवन झालेलं पाणी आरओने भरा, आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएचवर (तिचं एकक) स्थिर ठेवा. डिपनंतर अ‍ॅक्रोपोराचं मांस बुडापासून सुटताना दिसलं, तर पुढचा डिप पुढे ढकला आणि मेलेला भाग तेवढा कापा.