बालवाडीतल्या सणांनी मुलं गोंधळत नाहीत

पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: तीन ते सहा वर्षांच्या मुलांना माणसामाणसांतले फरक कळत नाहीत, बालवाडीत सगळ्यांचे सण आणले की ती गोंधळतात, आपलं विसरतात, आणि तसंही हे सगळं फोटोपुरतंच असतं. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मी बारा वर्षं बालवाडीत शिकवते. मला हे पटत नाही.

‘फरक कळत नाहीत.’ कळतात, आणि फार लवकर कळतात. तीन महिन्यांचं बाळसुद्धा रोज दिसणाऱ्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. चार वर्षांची पोर मला विचारते, “बाई, तिची आई कुंकू का लावत नाही?” तिला गप्प बसवलं तर यात काहीतरी वाईट आहे एवढंच ती शिकेल. मी म्हणते, “त्यांच्या घरी तशी रीत आहे. तुझ्या घरी काय काय असतं, सांग बघू.” मग दोघी सांगत बसतात.

‘मूल गोंधळतं.’ गोव्यात राहून हे म्हणवतं तरी कसं? पातोळीच घ्या. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, आत गूळ-खोबऱ्याचं चून भरायचं, पान दुमडून वाफवायचं. हिंदू घरांत ती नागपंचमीला होते, ख्रिस्ती घरांत २४ जूनच्या सांजांवाला, म्हणजे संत जॉनच्या सणाला, आणि १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, फेस्ताला. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्र सायबीण या बहिणी, असं इथली जुनी माणसं सांगत आली आहेत. हे ऐकून कुठलंच मूल गोंधळलेलं मी पाहिलं नाही. गोंधळ मोठ्यांचा असतो. भाषेचंही तेच: घरी मराठी, अंगणात कोंकणी, शेजारच्या खोलीत कन्नड. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं ही वाढीतली साधी पायरी आहे.

‘आपलं विसरतं.’ माझा अनुभव नेमका उलटा आहे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी आम्ही वर्गात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची चौकट, बांधली: कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचे घोस. ज्यांच्या घरी माटोळी नसते त्यांनी एकेका फळाचं नाव विचारलं. घरी दरवर्षी माटोळी बांधणाऱ्या मुलांनाही ती येईनात. दुसऱ्या दिवशी तीच मुलं आजीला विचारून नावं घोकत आली. विचारणारं कुणी नसतं, तर ती आजीपर्यंत गेलीच नसती. बालहक्कांचा १९८९चा करार भारताने १९९२मध्ये स्वीकारला. त्याच्या एकोणतिसाव्या कलमात स्वतःच्या संस्कृतीचा आदर आणि इतरांच्या संस्कृतीचा आदर एकाच वाक्यात आहेत.

‘फोटोपुरतं असतं.’ इथे मजकुराचं म्हणणं बरंचसं खरं आहे. नाताळाला लाल टोपी, ईदेला जाळीची टोपी, फोटो, संपलं. यातून मुलाला वाटतं, ही माणसं वर्षातून एकदाच, सोंग घेऊन येतात. पण म्हणून दार बंद करायचं का? उलट रोजच्यात आणायचं: सकाळी पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, आणलेला पाव, कुणाच्या घरची अंगाई, कुणाच्या आईची डब्यातली भाकरी.

येत्या नागपंचमीला दोन आया वर्गात पातोळ्या करायला येणार आहेत, एक हिंदू, एक ख्रिस्ती. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला त्या पालकांनीही यावं. नारळ खोवायला हात लागतीलच.